तो आठच होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, दर सोमवारी ज्याच्यापुढं हात जोडते त्या देवालाही नाही. त्याला ठाऊक असेल तर असो, पण माझ्या तोंडून गेलेलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? खरंच माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण पुरेसं असावं.

सुरुवात कुठून करू? उंदरापासूनच करावी लागेल. हसू नका. माझ्या आयुष्यातली सगळ्यात नीच गोष्ट उंदराच्या लाळेपाशी सुरू होते, त्याला मी काय करू?

नव्वदीचं दशक होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात (नाव सांगणार नाही, त्या कॉलेजाचा यात काही दोष नाही) मी प्राणिशास्त्रात पीएचडी करत होते. आमचं लक्ष्मीपुरीत पेंडीचं दुकान. घरात अर्धी कानडी, अर्धी मराठी, आणि अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. अशा लिंगायताच्या घरातली पोरगी रोज उंदीर मारते म्हटल्यावर नातेवाइकांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. अव्वा, म्हणजे माझी आई, मला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायची नाही. पण दुकानात आलेल्या प्रत्येकाला मात्र, आमची थोरली डॉक्टर होणार, असं सांगायची. औषधाची डॉक्टर नव्हे, हे ती सांगत नसे. मीही तिला सुधारलं नाही. म्हणजे बघा, खोटं मला पहिल्यापासूनच फार जड जात नव्हतं.

माझा विषय असा — उंदराच्या जबड्याखाली लाळेची एक ग्रंथी असते. त्या ग्रंथीत एक हार्मोन सापडतं. त्याचं नाव घेत नाही, नावानं तुम्हाला काही फरक पडणार नाही. प्रश्न एवढाच, की ते ग्रंथीच्या पेशीत नेमकं कुठं बसतं? पेशीच्या बुडाशी? केंद्रकाभोवती? की वरच्या टोकाला जे बारीक दाणे साठलेले असतात, त्या दाण्यांत? माझ्या गाइडचं, म्हणजे आमच्या सरांचं, मत होतं, दाण्यांत. सरांचं मत म्हणजे आमचंही मत. आमचं काम फक्त ते डोळ्यांना दिसेल असं करायचं.

ते करायची रीत थोडक्यात सांगते, कारण माझं पाप त्या रीतीतच आहे. ग्रंथीचा पातळ काप काचेच्या स्लाइडवर चिकटवायचा. त्याच्यावर अँटिबॉडी सोडायची, ती त्या हार्मोनला जाऊन धरते. मग रंग द्यायचा. जिथं अँटिबॉडी, तिथं तपकिरी. पण लाळग्रंथी मुळातच लबाड असते. तिच्यात असं काही असतं, की हार्मोन असो-नसो, ती आपल्या आपण रंग धरते. म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये स्लाइड बुडवून तिची ती खोड मोडायची. ती मोडली की नाही, हे कळायला प्रत्येक खेपेला शेवटची एक स्लाइड कोरी ठेवायची, अँटिबॉडी न घालता. तिला आम्ही कंट्रोल म्हणायचो. कंट्रोल पांढरी राहिली, तर बाकीच्यांचं तपकिरी खरं. कंट्रोलही तपकिरी झाली, तर सगळंच खोटं. इतकं सरळ आहे ते.

आता शालनबद्दल सांगायला हवं. मी टाळते आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

शालन नेसरीची. वडील शेतकरी, दोन म्हशी, भावंडांत ही एकटीच एवढी शिकलेली. माझ्यानंतर दोन वर्षांनी ती सरांकडं आली. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायची. आमच्या घरात धाकटी बहीण मला हाक मारते तशीच, त्याच हेलात. बोलणं अगदी गावरान. कोल्हापुरी बायकांसारखं ‘मी येतो, मी जातो’ म्हणायची, आणि पुण्याहून आलेली आमच्यातली एक मुलगी तिला हसायची. शालनला त्याचं काही नव्हतं. डब्यात भाकरी आणि खर्डा आणायची, माझ्या चपात्या खायची आणि भाकरी मला द्यायची. तिचा विषय माझ्याजवळचाच होता. तीच ग्रंथी, तेच हार्मोन, फक्त म्हाताऱ्या उंदरांत.

जेवताना तिनं मला एक गोष्ट सांगितली होती. तिच्या वडिलांचा आणि तिचा एक शब्द ठरला होता. दिवाळीला सरांनी ‘ही पोरगी पुढं चालवेल’ असं लिहून दिलं, तर लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही दिलं, तर शिरोळकडचं आलेलं स्थळ पक्कं करायचं. वडील वाईट नव्हते हो. त्यांनी शब्द दिला होता आणि तो पाळलाही. हे सगळं मला ठाऊक होतं. ‘मला काय माहीत’ असं म्हणायची सोय मला नाही.

आणि एक तिची सवय. स्लाइडच्या कोपऱ्यात हिऱ्याची कणी लावलेल्या पेन्सिलीनं नंबर कोरायचा असतो. शालन मराठी शाळेत शिकलेली; तिचा हात आपोआप मराठी आकडे काढायचा. सर दोनदा ओरडले होते, इंग्रजीत लिही म्हणून. ती प्रयत्न करायची, पण घाईत पुन्हा ४ च यायचा. काचेवर ओरखडून काढलेला मराठी चार आणि इंग्रजी आठ — तुम्ही कधी शेजारी ठेवून पाहिलेत? चाराचं तोंड वरून उघडं असतं. आठाचं मिटलेलं. एवढाच फरक.

तिच्या त्या खेपेत स्लाइडी चार. चौथी कंट्रोल. माझ्या खेपेत आठ. आठवी कंट्रोल.

आता कळलं असेल तुम्हाला. पण मला सांगू द्या.

त्या दिवशी मला घाई होती. कसली म्हणाल? धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता होता. साड्या निवडायला सगळा गोतावळा जमणार, आणि माझ्याशिवाय काकू भलत्याच रंगाच्या साड्या उचलणार, ही मला काळजी. टेबलावर पेरॉक्साइडची उघडी बाटली होती, कित्येक दिवस खिडकीतल्या उन्हात पडलेली. तिचा जोर गेलेला होता. मी थेंब टाकून पाहिला, काप फसफसलाच नाही. नवी बाटली कपाटात होती, शालननं सकाळीच तीतून आपलं काम केलं होतं. पण कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडं, आणि शिपाई जेवायला गेलेला. थांबले असते तर? अर्धा तास गेला असता. मी थांबले नाही. जुन्याच बाटलीत स्लाइडी बुडवल्या, पुढचं उरकलं, आणि बस्त्याला गेले. साड्या छान मिळाल्या. माझी मोतिया रंगाची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पहिली स्लाइड लावली. दाणे तपकिरी, सुंदर, सरांना हवे होते तसेच. मग आठवी लावली. तीही तपकिरी. तितकीच सुंदर. ती काढून बाजूला ठेवावी, गुपचूप सगळं पुन्हा करावं, असा विचार करते आहे तोवर सर आले. त्यांना परिषदेसाठी फोटो पाठवायचे होते. ‘बघू बघू’ म्हणत ते स्टुलावर बसलेच. आठवी तिथंच लावलेली होती.

“काय गं हे? आठ नंबर म्हणजे कंट्रोल न्हवं? कंट्रोल रंगलीया? आँ? आतापतोरचं सगळं असंच केलंस की काय?”

माझी पाचावर धारण बसली. इतक्या वर्षांचं काम, सगळे फोटो, अव्वाची ती ‘डॉक्टर’ — सगळं त्या एका ‘आँ’मध्ये जाताना दिसलं. आणि मग माझ्या तोंडून निघालं. ठरवून नव्हे, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय. पण ठरवल्याशिवाय इतकं नेमकं कुणाला सुचतं का?

मी म्हणाले, “सर, तो आठ नाही. मराठी चार आहे. शालनचा. आमच्या स्लाइडी एकाच ट्रेमध्ये वाळत होत्या, तिनं उचलताना बदलल्या असणार.”

तिची पेटी शेजारीच होती. सरांनी उघडली. तिची चौथी स्लाइड काढून लावली; कोपऱ्यातला तिचा ४ आता त्यांनी आठ म्हणून वाचला. स्वच्छ होती. दाणे कोरे, पाण्यासारखे. “हां,” सर म्हणाले, “ही तुझी कंट्रोल. जीव भांड्यात पडला बघ.” सरांचा जीव भांड्यात पडला, माझाही पडला. एक स्लाइड इकडची तिकडं झाली, बस्स. माझं सगळं काम खरं झालं, आणि शालनचं सगळं खोटं.

शालन तेव्हा उंदरांच्या पिंजऱ्यांतला भुसा बदलत होती. सरांनी हाक मारली तशी भुशाच्या हातांनीच धावत आली. पुढचं मी सविस्तर सांगणार नाही. सर तोंडाचे फटकळ, कोल्हापुरी; रागावले की खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. आकडे येत नाहीत, कंट्रोल रंगवून ठेवते, दुसऱ्याच्या पेटीत आपला कचरा घालते, घरी जाऊन शेणी थापाव्यात — असं सगळं. ती ऐकत उभी होती. तिनं ती रंगलेली स्लाइड हातात घेतली, खिडकीकडं धरली, पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. संशयानं नाही. संशयानं पाहिलं असतं तर आज मला बरं वाटलं असतं. धाकटी बहीण ठेचकाळली की थोरलीकडं पाहते, तसं पाहिलं.

मी खाली मान घालून पेटीचं झाकण लावत होते.

“माझाच असंल, सर,” ती म्हणाली.

इथंच संपलं असतं, तर कदाचित मी याला भित्रेपणा म्हटलं असतं. माणूस घाबरतं, तोंडातून काहीबाही निघतं, चालायचंच. पण इथं संपलं नाही.

दुपारी काचा धुवायच्या नळावर ती माझ्याजवळ आली. हात ओले होते. हळूच म्हणाली, “अक्का, माझा चार वरनं उघडा असतोय की. ह्यो मिटलेला दिसाय लागलाय. मला काय कळंना झालंय. तुम्ही बघा की जरा.”

तिनं पाहिलं होतं. अगदी बरोबर पाहिलं होतं. तिला फक्त एका माणसाचा ‘हो’ हवा होता, आणि त्यासाठी ती नेमकी माझ्याकडं आली. त्या क्षणी मी घाबरलेली नव्हते. सर तिथं नव्हते, कुणीच नव्हतं, वेळ भरपूर होता. आणि मी शांतपणे तिला म्हणाले, “घाईत हात पुढं जातो गं. काचेवर पेन्सिल घसरते. वाद घालू नकोस, सर आणखी चिडतील. मी बोलते त्यांच्याशी.”

“व्हय,” ती म्हणाली. “तुम्ही हाय म्हणून बरं हाय, अक्का.”

मी सरांशी बोलले नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

त्या दिवसापासून शालनचा स्वतःवरचा विश्वास उडाला. ती एक नंबर कोरायला पाच मिनिटं लावायची. कोरून झाला की दुसऱ्या कुणाला दाखवायची. सरांनी एकदा सगळ्यांसमोर तिला कोऱ्या कागदावर एक ते दहा इंग्रजी आकडे लिहायला लावले, बालवाडीतल्या पोरासारखे, आणि आम्ही सगळे हसलो. आम्ही म्हणजे मीही. ती पुण्याची मुलगी तिला ‘चार-आठ’ म्हणायला लागली. तिच्या आधीच्या पेट्यांवरही सरांचा भरवसा राहिला नाही. कोण जाणे काय कशात मिसळलंय, म्हणून त्या त्यांनी टाकून द्यायला लावल्या. तिनं स्वतःच टाकल्या. म्हाताऱ्या उंदरांवरचं तिचं काम असं गेलं. त्यासाठी मारलेले उंदीरही फुकट गेले, हे एक मला अधूनमधून उगीच आठवतं.

दिवाळीला सरांनी लिहून दिलं नाही.

जायच्या आधी ती आमच्या घरी आली. अव्वानं तिला कुंकू लावलं, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले, आणि ‘चांगलं झालं बाई, पोरीच्या जातीला एवढं शिक्षण पुरे’ म्हणाली — माझ्यादेखत, जिला ती डॉक्टर करायला निघाली होती. शालन हसली. दारात चपला घालताना मला म्हणाली, “अक्का, तुमचं तरी पुरं करा.”

पुरं केलं. माझ्या प्रबंधात एका पानावर दोन चित्रं आहेत. डावीकडं तपकिरी दाणे, पेशीच्या वरच्या टोकाला. उजवीकडं कोरे. खाली लिहिलंय — कंट्रोल. ती उजवीकडची स्लाइड शालनची आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच चित्रावर बोट ठेवलं. ते म्हणाले, लाळग्रंथीत इतकी स्वच्छ कंट्रोल फार क्वचित बघायला मिळते. सर कौतुकानं माझ्याकडं पाहत होते. मी ‘थँक यू’ म्हणाले.

तुम्ही विचाराल — ताजी बाटली घेऊन पुन्हा करून का नाही पाहिलं? एका दुपारचं तर काम. मीही स्वतःला हे विचारलंय. पुन्हा करून कंट्रोल स्वच्छ आली असती आणि दाणे तपकिरीच राहिले असते, तर? तर मुळात खोटं बोलायची गरजच नव्हती. फक्त ‘सर, बाटली जुनी होती, उद्या करते’ एवढं म्हणायचं होतं. आणि दाणे कोरे निघाले असते, तर मी डॉक्टर नाही. दोन्हीतलं कुठलंही उत्तर मला झेपणारं नव्हतं. म्हणून मी करून पाहिलं नाही. पुढं इतरांनी यावर काय लिहिलं, तेही वाचायचं टाळत आले. ते हार्मोन त्या दाण्यांत असतं की नसतं, मला आजही माहीत नाही. आणि मी तीसेक वर्षं मुलांना प्राणिशास्त्र शिकवलं.

नोकरी लागली ती शिरोळच्या बाजूला, एका छोट्या गावातल्या कॉलेजात. शालनला दिलं ते शिरोळकडचं स्थळ मला विसरायला झालं होतं असं म्हणू का? नव्हतं झालं. एसटीत, बाजारात, कुठल्याही बाईची पाठ तिच्यासारखी दिसली की मी रस्ता बदलायची. चोराच्या मनात चांदणं. बरीच वर्षं गेली, ती कधी भेटली नाही. हळूहळू मी रस्ता बदलायची थांबले.

मग नव्या शतकात पहिल्यांदा कृष्णेला मोठा पूर आला, तेव्हा खालच्या गावांतली माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वर आणत होते. आमचं कॉलेज उंचावर, त्यामुळं वर्गावर्गांत बिऱ्हाडं. प्रयोगशाळाही मोकळी करून दिली होती, आणि तिथली जबाबदारी माझ्याकडं. मी चटया मोजून देत होते, तर मागून हाक आली.

“अक्का?”

त्याच हेलात. मी वळायच्या आधीच मला कळलं.

वाळली होती. केस अकाली पांढरे, गुडघ्यापर्यंत चिखल. बरोबर सासू, आणि शाळेतली मुलगी. घर पाण्यात, जनावरं सोडून दिलेली, काही वाचतील, काही नाही. आणि ह्या सगळ्यात तिला मला भेटल्याचा आनंद झाला होता — खरा, तोंडभरून. तिनं सासूला माझ्यापुढं आणलं आणि सांगायला लागली, “आत्या, ह्या बघा आमच्या अक्का. मी सांगत न्हवतो का? माझ्यामुळं ह्यांचं सगळं बुडायची येळ आलती. माझा आकडा चुकला, त्यांच्या पेटीत माझी काच गेली. दुसरी कोण असती तर झिंज्या धरल्या असत्या माझ्या. ह्या एका शब्दानं बोलल्या न्हाईत. उलट सरांची समजूत घालतो म्हणाल्या.”

सासू माझ्याकडं आदरानं बघत होती. मुलगी माझ्याकडं बघत होती. म्हणजे ही इतकी वर्षं हेच सांगत आली होती, चुलीपुढं, शेतात, पोरीला निजवताना. ती खरोखरच मानत होती. ‘तो चार माझाच होता, मी वेंधळी होते, माझ्या हातात गुण नव्हता, म्हणून मी इथं आले’, असं. मी तिचं शिक्षण हिरावून घेतलं, हे मला ठाऊक होतं. मी तिला तिचं डोकंसुद्धा कमी आहे असं पटवून दिलं, हे मला त्या दिवशी कळलं.

सांगायचं होतं. दोनच शब्द होते, ‘आठच होता’. तिचं घर पाण्यात गेलं होतं, तिच्याकडं गमवायला काही उरलं नव्हतं. गमवायचं होतं ते माझ्याकडं. पलीकडं माझे विद्यार्थी ब्लँकेटं वाटत होते, मॅडम, मॅडम करत होते.

मग शालनचा आवाज जरा उतरला. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “अक्का, तवा तुमची माफी मागायची राहूनच गेली बघा. लय वर्सं मनात सलत हुतं. आता कुठं भेटलायसा. माफ करा मला. मनात काय ठिऊ नका.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिची पाठ भिजलेली होती. म्हणाले, “अगं, ते मी कधीच माफ केलंय.”

तिला फार बरं वाटलं. चेहऱ्यावर दिसत होतं. ती वाकून माझ्या पाया पडली, मुलीलाही पडायला लावलं, आणि मी दोघींना पडू दिलं.